ऑटो स्विचला थोडं थांबायला शिकवा

रब्बी आली की महावितरणचं आवाहन ठरलेलं: कृषिपंपाचे ऑटो स्विच काढा, कॅपॅसिटर बसवा. लातूर-नांदेडकडच्या शिवारातून ऑटो स्विच काही निघत नाही. का निघेल हो? थ्री फेज लाइन पाळीने येते, कित्येक गावांत रात्री. हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री एक वाजता, साप-विंचवाच्या अंधारात, विहिरीवर बटण दाबायला जायचं कुणी? लाइन आली की मोटार आपोआप सुरू. शेतकऱ्याचा हिशेब अगदी रास्त आहे.

गोची पुढे आहे. ५ एचपीची मोटार चालताना साधारण साडेसात अँपिअर घेते आणि सुरू होताना काही क्षण त्याच्या सहापट. ६३ केव्हीएच्या डीपीची क्षमता जेमतेम ८४ अँपिअर. अशा १० मोटारी एकदम उठल्या की मागणी ४५० अँपिअरची! व्होल्टेज कोसळतं, मोटारी उचलत नाहीत आणि करंट ओढतच राहतात. फ्यूज उडतो, नाहीतर डीपीच जळते. मग नवीन येईपर्यंत अर्धापूरची केळी माना टाकून उभी.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे दुखणं चांगलं ठाऊक आहे. बंद पडलेला सर्व्हर उठला की हजारो मशीन त्याच्यावर तुटून पडतात आणि तो परत आडवा होतो. उपाय जुनाच, प्रत्येकाने वेगवेगळा वेळ थांबायचं. इथरनेटमध्ये तो १९७० च्या दशकापासून आहे.

मग ऑटो स्विचच्या बोर्डावर का नको? काहींत उशिरा सुरू करायची सोय असते, पण सगळ्यांनी ती सारखीच ठेवली तर उपयोग शून्य. माझं म्हणणं एवढंच, की प्रत्येक बोर्डाचा जम्पर, म्हणजे दोन पिनांवरची ती इवलीशी टोपी, कारखान्यातूनच वेगळ्या जागी लावून पाठवा. कुणाची मोटार २० सेकंदांनी, कुणाची ३ मिनिटांनी. दोन-तीन एकत्र आल्या तरी डीपी निभावून नेईल.

आणि हो, एक अट. त्या वेळात बोर्डावर पिवळा दिवा लुकलुकला पाहिजे आणि त्याखाली ठळक मराठीत 'थांबा, मोटार सुरू होतेय' असं पाहिजे. दिवा मुका राहिला तर शेतकरी म्हणणार बोर्ड गेला, आणि वायरमन कनेक्टरमध्ये वायरचा तुकडा अडकवून सगळं थेट करून देणार. मग आपली सगळी हुशारी विहिरीत!

शेतकऱ्याला 'काढा' म्हणून खूप सांगून झालं. आता बनवणाऱ्यांना 'सुधारा' म्हणून सांगूया.