रेवदंड्याचे दगड आणि कोर्लईची वाणी



सुटीत प्रवासास निघणाऱ्या आपल्या कुटुंबांची वाट बहुधा ठरलेलीच असते. जुन्या गोव्यास जावयाचे, नाही तर वेलंकनीस. अवश्य जावे, परंतु गर्दीत दर्शन घडले तरी चिंतन घडतेच असे नाही. म्हणून आज एका निवांत स्थळाची वाट दाखवितो.

अलिबागेहून दक्षिणेस सुमारे १७ किलोमीटरवर रेवदंडा लागते. हेच पोर्तुगीजांचे चौल. १५२१ साली त्यांनी येथे ठाणे बांधावयास घेतले. १५७०-७१ मध्ये अहमदनगरच्या निजामशहाचा प्रदीर्घ वेढा त्याने सोसला. तटाच्या आत फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन आदी संघांचे मठ व मंदिरे होती. आज त्या तटात नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. एका बाजूस छप्पर नसलेल्या भिंती आणि त्यांवर मान उंचावून उभा असलेला 'सातखणी' मनोरा. ज्या वेदीपुढे शेकडो गुडघे टेकले, तेथे आता गवत वाढते. हे पाहून मन खिन्न होते. पण येथूनच परत फिरू नये.

कुंडलिकेची खाडी ओलांडली की डोंगरावरील किल्ल्याच्या पायथ्याशी कोर्लई गाव आहे. १७४० साली चौल मराठ्यांच्या हाती गेले. सत्ता गेली, अंमलदार गेले. गरीब ख्रिस्ती रयत मात्र राहिली. गावात कार्मेल मातेचे मंदिर आहे, आणि तेथील ख्रिस्ती घरांतून आजही एक वेगळीच बोली ऐकू येते. तिला ते 'नो लिंग', म्हणजे 'आमची भाषा', म्हणतात. शब्द बहुतांशी पोर्तुगीज; पण क्रियापद आपल्या मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी! दोन भाषांचा असा संसार जगात विरळाच. धर्म वेगळा, सोयरीक आपसातच आणि मध्ये खाडी, यांमुळे ती टिकली. आता पूल आहे, शाळा मराठीत आहे, आणि ती बोलणारे हजाराच्या आसपासच उरले आहेत.

मी गेलो तेव्हा एका अंगणात एक आजी आपल्या बोलीत नातवास हाक मारीत होत्या. नातवाने उत्तर दिले ते मराठीत. आजी हसल्या, मला मात्र हसू आले नाही. पलीकडच्या तीरावर दगड ढासळले होते. येथे काय ढासळू पाहत आहे, ते त्या एका उत्तराने कळले.

इंदूर, बडोदे, हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या राहूनही घरी मराठीत रोझरी म्हणणाऱ्या कुटुंबांस हे निराळे सांगावयास नको. भाषा तटबंदीने राखली जात नाही. ती स्वयंपाकघरात, पाळण्यापाशी व संध्याकाळच्या प्रार्थनेत राखली जाते.

तेव्हा कोर्लईस जाल तर मुलांना बरोबर न्या. तेथील माणसांकडे नवलाची वस्तू म्हणून पाहू नका. अनुमती घेऊन अंगणात बसा, दोन शब्द ऐका. मंदिरात क्षणभर गुडघे टेका. आणि घरी परतल्यावर आपल्या मुलांना त्यांच्या आजीची प्रार्थना एकदा तिच्याच शब्दांत म्हणावयास सांगा. ती त्यांना येत नसेल, तर शिकविण्यास आजी अजून आहे तोवर उशीर करू नका.