दुकानाची स्कूटर : सोय मोठी, पण कागद आधी

लहान व्यापारी आणि कारागीर यांच्या धंद्यात स्कूटरने जेवढी भर घातली तेवढी फार थोड्या वस्तूंनी घातली असेल. १९७२ साली बजाजची चेतक बाजारात आली तेव्हा नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. ज्याच्या दारात ती उभी राही त्याची बाजारातील पतही वाढे. ती जुनी चेतक बंद झाली आणि २०२० साली त्याच नावाने विजेवर चालणारी आली. गाडी बदलली, पण तिची उपयुक्तता तीच आहे.

कापडवाल्याला हे वेगळे सांगायला नको. मोटारसायकलवर मधे टाकी येते. स्कूटरवर पायापाशी सपाट जागा मिळते. तिथे कापडाचे चार-पाच तागे सहज बसतात. मालेगाव-भिवंडीच्या ज्या गल्लीत टेम्पो वळत नाही तिथे स्कूटर जाते. यंत्रमागाच्या कारखान्यावर माल पाहायचा, रंगाईवाल्याकडे तगादा करायचा, शिंप्याला नमुना दाखवायचा आणि जोहरच्या जमातीला मशिदीत पोहोचायचे, एवढे सगळे एका दुपारी होते. रिक्षावाल्याची मर्जी सांभाळावी लागत नाही. आपल्या वेळेचे आपण मालक, हा आनंद काही लहान नाही.

परंतु आपल्या बाजारात ही गाडी घेतली कशी जाते? नवी असेल तर हप्त्यावर. समजा, ९०,००० रुपये कर्ज, ३ वर्षे मुदत आणि १० टक्के सरळ व्याज. म्हणजे २७,००० रुपये व्याजाचे. आपण दरमहा मुद्दल फेडत असतो, पण व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण ९०,००० वर धरलेले असते. त्यामुळे सांगितलेला १० टक्के दर प्रत्यक्षात १८ टक्क्यांच्या आसपास जातो. सूद हराम आहे हे आपण जाणतोच. इथे तर तो हिशेबातही तोट्याचा आहे. त्यापेक्षा गल्ल्यातून रोज थोडे बाजूला काढावे, नातलगांत कर्जे हसना मिळत असेल तर घ्यावे, नाहीतर रोखीने जुनी गाडी घ्यावी. जुन्या गाडीत कमीपणा नाही.

जुन्या गाडीत खरा धोका वेगळा आहे. ओळखीच्या माणसाकडून गाडी घेतली, पैसे दिले, चावी घेतली आणि आरसी बुक पहिल्याच मालकाच्या नावावर राहिले, असे व्यवहार आपल्याकडे सर्रास होतात. ‘भरवशाचा माणूस आहे’ एवढ्यावर काम भागवले जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे की, नोंदणी ज्याच्या नावावर असेल तोच कायद्याने मालक समजला जाईल. गाडी पुढे तीन हातांतून गेली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवावे, असा कायदा आहे. नमुना २९ आणि ३० भरून हे काम होते. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. आपण दुकानाची वही लिहितो, मग गाडीचे कागद का टाळतो?

विम्याचेही तसेच. तृतीय पक्षाचा विमा कायद्याने सक्तीचा आहे. तो नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण दंड ही लहान गोष्ट झाली. आपल्या गाडीखाली एखाद्या घरचा कमावता माणूस गेला आणि विमा नसला तर न्यायाधिकरणाने ठरवलेली भरपाई आपल्या खिशातून द्यावी लागते. त्यात दुकान जाऊ शकते; आणि आपल्याकडे नसेलच तर त्या घरच्या यतीम मुलांच्या हाती काहीच पडत नाही. हा हुकूकुल इबादचा प्रश्न आहे. काही बांधव विम्याच्या जायज-नाजायजची शंका काढतात. कायद्याच्या सक्तीमुळे असा विमा उतरवण्यास अनेक उलमांनी मुभा दिली आहे. शंका असेल त्याने आपल्या मुफ्तींना विचारावे, पण विम्याविना गाडी रस्त्यावर आणू नये.

आणखी काही गोष्टी. माल हँडलच्या वर रचू नये. पावसाळ्यात ताग्यांना मेणकापड गुंडाळावे. मागे बसणाऱ्या बाईचा बुरखा किंवा ओढणी चाकात जाऊ नये म्हणून साडीगार्ड काढून टाकू नये. हेल्मेट जवळच्या फेरीलाही घालावे. आणि दुकानातील पोराला, तो १८ वर्षांचा नसेल तर, चावी देऊ नये. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालक किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद आहे.

ज्यांच्याकडे दुसऱ्याच्या नावाची गाडी आहे, किंवा ज्यांची विकलेली गाडी अजून त्यांच्याच नावावर आहे, त्यांनी याच आठवड्यात आरटीओची वाट धरावी. हलाल कमाईने घेतलेली आणि कागद चोख असलेली गाडी मनाला निश्चिंती देते. अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो.