उद्या सकाळी माझ्यावाचून काय अडेल?

वाळूज औद्योगिक वसाहतीत बजाज ऑटोचा कारखाना 1985 मध्ये सुरू झाला आणि त्याच्या आधाराने आपले बजाजनगर वाढले. त्या सुमारास विशीत कामाला लागलेली, मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतून आलेली मुले आज साठीला पोहोचली आहेत. यांतील बहुतेकांच्या घराण्यात निवृत्त होणारे ते पहिलेच. गावाकडे त्यांच्या वडिलांना निवृत्ती ठाऊक नव्हती. हातपाय थकले तरी गुरांकडे पाहणे, बियाणे राखणे, पेरणीच्या वेळी सल्ला देणे ही कामे म्हाताऱ्या माणसाकडेच असत. कारखान्यात मात्र एका ठरलेल्या तारखेला हार, नारळ आणि निरोप. दुसऱ्या दिवशी यंत्रावर दुसरा माणूस उभा असतो.

अशा रुग्णांची एक तक्रार मी वारंवार ऐकतो. पहाटे साडेचारला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. पहिल्या पाळीची सवय शरीराने सोडलेली नसते. ते झोपेची गोळी मागतात. मी विचारतो, ‘जाग आल्यावर काय करता?’ उत्तर बहुधा एकच येते: ‘उठून करायचे काय?’ त्यांची खरी तक्रार झोपेची नसून या प्रश्नाची आहे.

जपानी भाषेत ‘इकिगाई’ असा एक शब्द आहे. ज्यासाठी जगावेसे वाटते ते, असा त्याचा साधारण अर्थ. तेथील ओसाकी भागात 43 हजारांहून अधिक प्रौढांना त्याविषयी विचारून सात वर्षे त्यांचा मागोवा घेण्यात आला. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, ज्यांना असे काही नाही असे वाटत होते, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. आजारपणामुळेही जगण्यातले स्वारस्य जाते, म्हणून या निष्कर्षाकडे थोडे सावधपणे पाहावे. परंतु दवाखान्यात बसून मला जे दिसते, त्याच्याशी तो जुळतो.

ध्येय म्हटले की थोर माणसांची उदाहरणे दिली जातात. महर्षी कर्वे यांनी 1936 मध्ये, वयाच्या 78व्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी नवी संस्था काढली. हे ऐकून माझे रुग्ण आदराने मान डोलावतात आणि अधिकच खचून घरी जातात! म्हणून मी प्रश्न लहान करून विचारतो: उद्या सकाळी तुमच्यावाचून काय अडेल?

याचे उत्तर शोधताना घरच्यांचा वाटा मोठा असतो, आणि अडथळाही बहुधा त्यांच्या प्रेमाचाच असतो. ‘बाबा, तुम्ही बसा, मी करते.’ ‘आई, आयुष्यभर राबलात, आता स्वयंपाकघरात येऊ नका.’ अमेरिकेत एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी 1976 मध्ये एका वृद्धाश्रमातील प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाला रोपटे देऊन सांगितले, याची काळजी तुम्ही घ्यायची; खोली कशी लावायची तेही तुम्हीच ठरवा. दुसऱ्या गटालाही रोपटे दिले, पण त्याला पाणी परिचारिका घालणार होत्या. पहिल्या गटातील वृद्ध काही आठवड्यांतच अधिक तरतरीत आणि हालते-बोलते झाले.

तेव्हा काम सोपवायचे, तर ते खरोखर सोपवावे. दूध, वीजबिल, जोडीदाराच्या औषधांचा हिशेब, आयटीआयमधल्या शेजारच्या मुलाला व्हर्नियर कॅलिपर वाचायला शिकवणे, काहीही चालेल. एखादे दिवशी विसर पडला तर पडू द्यावा. मागून गुपचूप करून टाकू नये. (औषधे आणि गॅस यांना अर्थातच हा नियम नाही. तिथे दुसरी नजर हवीच.) मात्र न विचारता दिवसभर नातवंडे सोपवून देणे याला मी ध्येय म्हणणार नाही, ती बिनपगारी पाळी झाली.

पहाटेची जाग, गेलेली भूक, घटते वजन, आवडत्या गोष्टींतही मन न रमणे हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. थायरॉईड, बी-12 जीवनसत्त्व, चालू औषधे आणि ऐकू येणे तपासून घ्यावे. मरणाचे विचार बोलून दाखवले, तर दोन आठवडे थांबू नये. त्यांना एकटे न ठेवता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक रात्रीही चालतो.

स्मृतिभ्रंश झालेल्या आजींनाही मेथी निवडता येते, कपड्यांच्या घड्या घालता येतात. घडी वाकडी झाली तर त्यांच्यासमोर उलगडून पुन्हा घालू नये. जे अंथरुणालाच खिळले आहेत, त्यांना रोज सकाळी विचारावे, आज भाजी कोणती करायची? आणि त्या दिवशी तीच करावी.