बटणात मराठी मावत नाही, ही सबब

संगणकाच्या पडद्यावरील बटण ही क्षुल्लक बाब आहे, असा समज भाषेच्या चळवळीत वावरणाऱ्यांचाही असतो. पाट्या, परिपत्रके, उतारे यांसाठी आपण भांडतो. बटणासाठी भांडावे असे कोणाला वाटत नाही. परंतु आज कचेरीतील अर्ज, पावती, नोंद वा हरकत बटण दाबल्यावाचून क्वचितच पुरी होते. कागदावर जे स्थान सहीचे, तेच पडद्यावर बटणाचे. ज्या शब्दावर संमती द्यायची तो शब्दच वाचता येत नसेल, तर ती संमती कसली?

यावर सॉफ्टवेअर घडविणाऱ्यांचे ठरलेले उत्तर असते : ‘आमची बटणे आम्ही खास घडविली आहेत; त्यांत मराठी मावत नाही आणि अक्षरेही तुटतात.’ ही सबब पुराव्यावर तपासू.

शब्द मावत नाही, कारण घडविणाऱ्याने ‘कॅन्सल’पुरती रुंदी आणि इंग्रजी अक्षरापुरती उंची आकड्यांत ठोकून ठेवलेली असते. मग ‘पूर्ण’मधला उकार खाली छाटला जातो आणि रफार वर. हा दोष लिपीचा नव्हे, साच्याचा. १९९८ साली जावा १.२ बरोबर आलेल्या स्विंगचेच उदाहरण घ्या. त्यातील जेबटन हे तयार बटण आपल्यावरील मजकूर मोजून स्वतःचा आकार सुचविते. आपल्या पसंतीचे बटण हवे असेल, तर त्याचाच विस्तार करून केवळ रंगकामाचा भाग बदलता येतो. मोजमाप मोडण्याचे कारण नसते. मजकूर भाषेगणिक वेगळ्या फायलीत ठेवण्याची रिसोर्सबंडलची सोय तर त्याही आधीची, १९९७ सालची.

अक्षरे तुटतात, त्याचेही उत्तर सोपे आहे. ‘स्थिती’ या शब्दातील ऱ्हस्व वेलांटी संगणकात ‘थ’नंतर साठविली जाते, पण दिसते जोडाक्षराच्या आधी. ही जुळणी अखंड शब्द हाती असेल तरच साधते. शोभेसाठी एकेक चिन्ह सुटे रंगविणारा कारागीर स्वतःच शब्द मोडतो आणि दोष देवनागरीला देतो. देवनागरी १९९१ पासून, म्हणजे पहिल्या आवृत्तीपासून, युनिकोडमध्ये आहे. एवढ्या अवधीनंतर ‘सोय नाही’ हा बचाव टिकत नाही.

सर्वांत वाईट प्रकार म्हणजे शब्द चित्रातच रंगवून टाकणे. अशा बटणाचे भाषांतर करायचे तर चित्र नव्याने काढावे लागते, आणि त्या चित्राला वेगळे नाव दिलेले नसेल, तर पडदावाचकाच्या आधाराने काम करणाऱ्या अंध व्यक्तीला तो शब्द ऐकूही येत नाही. दुसरा प्रकार फसवा : ‘रद्द करा’च्या जागी ‘रद्द करें’ बसवून देवनागरी दिली, म्हणून मराठी दिली असे मिरवायचे. लिपी एक असली, तरी भाषा एक होत नाही.

संविधानाच्या अनुच्छेद ३५० नुसार गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत अभिवेदन करण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीला आहे. त्यात बटणाचा उल्लेख नाही आणि मी तो ओढूनताणून काढणार नाही. पण गाऱ्हाणे मराठीत लिहू द्यायचे आणि ‘सादर करा’ मात्र परक्या भाषेत ठेवायचे, याने त्या हक्काचा आत्मा जपला जात नाही. हा न्याय बेळगावच्या मराठी माणसाला जितका लागू, तितकाच अक्कलकोटच्या कन्नड माणसाला.

म्हणून मागणी दयेची नाही, कराराची आहे. सार्वजनिक पैशाने सॉफ्टवेअर घेणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने कंत्राटात चार अटी लिहाव्यात : बटणावरील मजकूर प्रोग्रामपासून वेगळा असावा, बटणाचा आकार मजकुराच्या मापाने ठरावा, शब्द अखंड रंगवावा, चित्रात कोरू नये, आणि माल स्वीकारण्यापूर्वी प्रत्येक बटण मराठी वाचणाऱ्या माणसाकडून तपासून घ्यावे. वाचकहो, आपल्या गावच्या कार्यालयाला या चार अटी लेखी कळवा आणि पोच घ्या. तोंडी आश्वासनाची नोंद कुठल्याच दप्तरी राहत नाही.