विहिरीची पाळी आणि तिरकस गुणाकार



या खेपेला खताची मात्रा नाही की किडीचा बंदोबस्त नाही. अपूर्णांकांची बेरीज आहे. पोरांच्या पाटीवरचा विषय म्हणून पान उलटू नका. इंदापूर तालुक्यात एका सामाईक विहिरीवर याच बेरजेपायी जावाजावांचे बोलणे बंद झाले होते.

नीरा डाव्या कालव्याची पाळी लांबली की बारामती-इंदापूरकडे सगळा भार विहिरीवर येतो. या विहिरीत थोरल्याचा हिस्सा १/३, मधल्याचा १/४ आणि उरलेला धाकट्याच्या विधवेचा. फेरा बारा दिवसांचा. कुणी तरी अंदाजाने सांगून टाकले, "दोघांचे मिळून दोन तृतीयांश होतात, बाईला चार दिवस." घरातल्या शाळकरी पोराने वरचे वर, खालचे खाली मिळवून २/७ काढले. पण २/७ तर एकट्या १/३ पेक्षाही कमी! दोघांचे मिळून एकापेक्षा कमी कसे होईल?

अशा वेळी फुली घाला. पहिल्याचा अंश दुसऱ्याच्या छेदाने गुणा, दुसऱ्याचा अंश पहिल्याच्या छेदाने. १×४ म्हणजे ४, १×३ म्हणजे ३, बेरीज ७. खाली दोन्ही छेदांचा गुणाकार, १२. उत्तर ७/१२. (सातबारा आला, हा निव्वळ योगायोग!) उरले ५/१२, म्हणजे पाच दिवस. बाईंचा दर फेऱ्याला एक दिवस बुडत होता. ऐन वैशाखात तेवढ्या पाण्यावर जनावरांच्या घासाचे वाफे जगतात किंवा जळतात.

तिथल्या एका म्हातारबांनी आणे-पैने ताळा केला. १९५७ साली दशमान नाणी आली, तरी वाटणीच्या बोलीतून आणे गेले नाहीत. तिसरा हिस्सा ५ आणे ४ पै, चौथाई ४ आणे. मिळून ९ आणे ४ पै. सोळा आण्यांतून वजा जाता ६ आणे ८ पै. रुपयाच्या १९२ पैंपैकी या ८० पै, म्हणजे ५/१२ च. मला हा हिशेब फुलीपेक्षाही आवडतो. मात्र पाचवा किंवा सातवा हिस्सा आला की पै पुरत नाही, तिथे फुलीच बरी.

वजाबाकीलाही तीच रीत, फक्त पहिल्या गुणाकारातून दुसरा वजा करायचा. पाऊण एकरातून २/५ एकर उसाला दिले, तर १५ वजा ८, राहिले ७, छेद २०. चाळीस गुंठ्यांच्या एकरात ७/२० म्हणजे १४ गुंठे. ३० गुंठ्यांतून १६ काढून पाहा.

बाईंची पाळी पाच दिवसांची झाली. जावा बोलू लागल्या की नाही, ते मी विचारले नाही.