खंडेनवमीचा पाट आणि गाडीतील हत्यारे

आश्विन शुद्ध नवमीच्या सकाळी जालन्याच्या मोंढ्यापासून मंठा-परतूरच्या वस्त्यांपर्यंत घरोघरी पाट मांडले जातात. कोणी तराजू मांडतो, कोणी नांगराचा फाळ, कोणी विळा-खुरपे. लोखंडी सळ्या घडविणाऱ्या या शहरातील कारखान्यांत यंत्रांना हळदकुंकू वाहिले जाते. अंगणात धुऊन उभ्या केलेल्या पिकअप गाडीला झेंडूचे तोरण चढते आणि चाकाखाली लिंबू ठेवले जाते. मोसंबी, कापूस, बी-बियाणे, खत, प्रसंगी आजारी जनावर वाहून नेणारी ही गाडी आज आपल्या शेतकरी कुटुंबाचा दुसरा बैलच झाली आहे. तिची पूजा व्हावी, हे योग्यच. मात्र पूजा झाल्यावर त्या पाटावरील हत्यारांचे पुढे काय होते, हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

हा प्रश्न आम्हांस सुचला तो एका रात्रीच्या अनुभवाने. दसरा नुकताच होऊन गेला होता. अंबडकडून जालन्याकडे मोसंबी घेऊन येणाऱ्या एका पिकअपमध्ये आम्ही बसलो होतो. रात्री दहाच्या सुमारास मागील चाक बसले. जॅक होता, स्टेपनी होती, तिच्यात हवाही होती. पण चाकाचे नट सोडविण्याचा पाना काही केल्या सापडेना. चालक तरुण मुलगा होता. शोधता शोधता तो एकाएकी थांबला आणि ओशाळून म्हणाला, "पाना देवघरातच राहिला की हो, दादा!" नवमीला पुजलेला पाना पाटावरून उचलून कोनाड्यात गेला होता आणि तेथेच विसावला होता.

त्यानंतर दीड तास आम्ही अंधारात उभे होतो. गाडीमागे ठेवण्यास लाल त्रिकोण नव्हता. बाभळीची एक फांदी तेवढी आडवी टाकली होती. एक भरलेला ट्रक ती फांदी अगदी शेवटच्या क्षणी पाहून बाजूला वळला, तेव्हा त्याचा वारा आमच्या अंगावरून गेला. पुढे एका अनोळखी पिकअपवाल्याने थांबून आपला पाना दिला. काम दहा मिनिटांचे होते. एका पान्यावाचून तेथे दोन माणसांचे प्राण जाण्याची वेळ आली होती, हे आम्ही आजही विसरू शकत नाही.

शस्त्रपूजेच्या संदर्भात आपण शमीची कथा नेहमी सांगतो. पण तिच्यातील एक तपशील बहुधा सांगावयाचा राहून जातो. अज्ञातवासापूर्वी पांडवांनी शस्त्रे झाडावर नुसती टाकून दिली नाहीत. विराटपर्वात वर्णन आहे की, त्यांनी आधी धनुष्यांच्या प्रत्यंचा उतरविल्या. नकुल झाडावर चढला आणि पावसाचे पाणी लागणार नाही अशा जागा पाहून त्याने ती दोरांनी घट्ट बांधली. म्हणूनच वर्ष सरल्यावर उत्तराने ती खाली काढली, तेव्हा ती त्याच दिवशी रणात चालली. शस्त्रांविषयीचा आदर म्हणजे काय, हे नकुलाने त्या झाडावर दाखवून दिले आहे. पूजेचे फूल हे त्या काळजीची खूण होय. काळजीच नसेल, तर खूण कशाची?

मग पिकअपमध्ये नेमके काय असावे? आमच्या मते पहिला मान चाकाचा. जॅक व त्याची दांडी, आणि त्याच गाडीच्या नटांना बरोबर बसणारा पाना. तो घरीच लावून पाहावा. यंत्राने आवळलेले नट हातास दाद देत नाहीत, म्हणून पान्यावर चढविण्यास दीड-दोन हात लांबीची लोखंडी नळी ठेवावी. जॅकखाली घेण्यास जाड फळीचा तुकडा हवाच. आपली काळी जमीन ओली झाली की जॅक गाडी उचलण्याऐवजी स्वतःच खाली रुततो. चाकांस अडण म्हणून लाकडाचे दोन ठोकळे असावेत.

दुसरा मान दिसण्याचा: कपाळास बांधता येणारी बॅटरी, कारण तिने दोन्ही हात मोकळे राहतात, लाल चमकता त्रिकोण आणि अंगात घालण्याचे चमकपट्टीचे जाकीट. तिसरा विजेचा: त्याच क्षमतेचे जादा फ्यूज, पुढील दिव्याचा एक बल्ब, चिकटपट्टी, थोडी तार आणि जंपर केबल. याशिवाय पक्कड, पेचकस, ८ ते १९ क्रमांकांचे पाने, हवा मोजण्याचे मापक, टोचनाचा मजबूत दोर, चिखलात चाकाखाली टाकण्यास दोन बारदाने, पाच लिटर पाणी आणि प्रथमोपचाराची डबी. अग्निशामक मात्र पिशवीत नको. तो चालकाच्या हाताशी असावा.

एवढ्यावर थांबावे. गंजलेले, विजोड पाने कोंबून पिशवी जड केली की ती घरीच राहू लागते. जाड किंतानाच्या पट्टीस कप्पे शिवून हत्यारे गुंडाळावीत आणि ती गुंडाळी आसनामागे बांधून ठेवावी. मोकळा पाना अचानक ब्रेक लागताच बाणासारखा सुटतो आणि मालाच्या क्रेटखाली दडलेला जॅक नसल्यासारखाच असतो.

हत्यारांइतकाच त्यांचा क्रम महत्त्वाचा. आधी चाकांस अडण, मग जमिनीवर टेकलेल्या चाकाचे नट किंचित सैल करणे, त्यानंतर जॅक. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणी कधीही शिरू नये. नट समोरासमोरच्या जोडीने आवळावेत आणि काही किलोमीटर गेल्यावर पुन्हा तपासावेत. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. उसळलेले पाणी चेहरा भाजते.

येथे कोणी म्हणेल की, आता खिशात दूरध्वनी आहे, हाकेच्या अंतरावर मेकॅनिक आहे. मग हा खटाटोप कशास? ही शंका अर्धी खरी आहे. आपल्या जिल्ह्यातून जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला आहे. अशा वेगवान रस्त्यावर चाक बदलण्याचे धाडस करू नये. गाडी कडेला घ्यावी, सर्वांनी उतरून कठड्यापलीकडे जावे आणि ११२ वर मदत मागावी. परंतु तेथेही त्रिकोण व बॅटरी लागतेच. आणि घनसावंगी वा जाफराबादच्या आडवाटेवर मध्यरात्री मेकॅनिक येईपर्यंतचा काळ आपल्यालाच निभवावा लागतो.

ज्या जांबेत १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला, ती याच जिल्ह्यात आहे. बोहल्यावर 'सावधान' हा शब्द ऐकताच ते सावध झाले, अशी आख्यायिका आपण मुलांना सांगतो. त्यांनी आयुष्यभर प्रयत्नाचा उपदेश केला. त्यांच्या भूमीतील माणसाने गाडी देवाच्या भरवशावर आणि पाना कोनाड्यात ठेवावा, हे शोभत नाही.

म्हणून आमची सर्व कुटुंबांना विनंती आहे की, यंदाच्या नवमीस गाडीतील गुंडाळी पाटावर उलगडावी. प्रत्येक हत्यार पुसावे, तेलाचे बोट लावावे, जॅक चालवून पाहावा, स्टेपनीतील हवा मोजावी. घरातील मुला-मुलींना, सुनांनाही चाक बदलावयास शिकवावे. मग हळदकुंकू वाहावे आणि सूर्यास्तापूर्वी सर्व हत्यारे मोजून गाडीत परत ठेवावीत.

त्या रात्री पाना देणाऱ्याने पैसे घेतले नाहीत. नावही सांगितले नाही. आपल्या गाडीतील पिशवी कधीतरी अशाच एखाद्या अनोळखी वाटसरूच्या कामी येईल. सीमोल्लंघनास निघालेल्या प्रत्येक गाडीत ती असो आणि प्रत्येक गाडी सुखरूप घरी परतो, हीच आमची मत्स्योदरी मातेच्या चरणी प्रार्थना.