पाळणा लांबवताना

दापोली तालुक्यातील मुरूड हे गाव आपल्याला महर्षी कर्व्यांमुळे ठाऊक असते. त्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ साली बाळंतपणात वारल्या, तेव्हा मुलगा रघुनाथ नऊ वर्षांचा होता. याच र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. त्यांची टवाळी झाली, खटले झाले. शंभर वर्षे उलटली, तरी पाळणा लांबविणे म्हणजे केवळ मुले कमी होऊ देणे, असेच आपण समजतो. प्रत्यक्षात तो जन्मलेले मूल जगविण्याचा उपाय आहे.

गरोदरपण आणि स्तनपान यांत आईच्या अंगातील लोह व फोलेट यांचा साठा उतरतो; तो भरून येण्यास अवधी लागतो. त्याआधीच पुन्हा दिवस गेले, तर मूल अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो, आणि अशा बाळांना पहिला महिनाच सर्वांत कठीण जातो. थोरल्याचे दूधही अकाली तुटते. आफ्रिकेतील घाना देशाच्या गा भाषेत कुपोषणाच्या एका आजाराला ‘क्वाशिओरकोर’ म्हणतात. पाठचे भावंड आल्यावर थोरल्याला जडणारे दुखणे, असा त्या शब्दाचा आशय. वैद्यकाने तोच शब्द उचलला.

म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते, की प्रसूतीनंतर किमान २४ महिने पुढचे दिवस जाऊ देऊ नयेत. त्यात नऊ महिने मिळवा. दोन मुलांत जवळजवळ पावणेतीन वर्षे होतात. सिझेरियन झाले असेल, तर घाई अधिकच धोक्याची, कारण टाक्यांच्या जागी गर्भाशय फाटू शकते.

वयाचेही तसेच. विशीच्या आत आईचे स्वतःचेच शरीर वाढत असते. पस्तिशीनंतर रक्तदाब व मधुमेह डोके वर काढतात. डाउन सिंड्रोमची शक्यता पंचविशीत सुमारे बाराशेंत एक, तर चाळिशीत शंभरात एक असते. उशिरा लग्न झालेल्यांनी अंतर किती ठेवावे, हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे.

आपल्या रत्नागिरीकडे एक निराळीच अडचण आहे. ‘हे मुंबईत असतात, मग साधन कशाला?’ असे सूनबाई म्हणते, सासूबाईही मान डोलावतात. मग गणपतीला चाकरमानी घरी येतात, शिमग्याला पुन्हा येतात. ‘अंगावर पाजते आहे, दिवस जाणार नाहीत,’ हा दुसरा भरवसा. तो खरा ठरतो तो बाळ सहा महिन्यांच्या आतील असेल, रात्रंदिवस केवळ आईच्याच दुधावर असेल आणि पाळी परतली नसेल तेव्हाच. तिन्ही गोष्टी एकदम हव्यात.

सरकारी दवाखान्यांत साधने विनामूल्य मिळतात. तांबी प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आत बसविता येते. ‘अंतरा’ हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचे. अंगावर पाजणाऱ्या आईला ते प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी सुरू करता येते. ‘छाया’ गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे एकदा. मात्र गणपती दारात आल्यावर ही गोळी सुरू करून भागत नाही. तेवढ्या मुक्कामासाठी निरोधच बरा, आणि तो आणण्याचे काम मुंबईहून निघणाऱ्याने करावे.